सम आकड्याचे उंदीर

सोमवार, २ सप्टेंबर

कार्यालयात रोजची नोंद मी करतोच, पण तिथे संशय लिहायला रकाना नसतो. म्हणून ही वेगळी दैनंदिनी. आज जे पाहिलं ते कोणाला सांगण्यासारखं नाही, आणि पोटात ठेवलं तर मला झोप लागत नाही. हा माझा जुना आजार आहे.

आधी काम काय ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या वाचताना माझं मलाच पटेल की डोकं ठिकाणावर होतं. तलावामागच्या रानात आम्ही रानउंदरांच्या पोटातले जंत तपासतो. पत्र्याच्या पेटीत दाणे आणि उबेला कापूस घालून उंदीर जिवंत पकडायचा, कानात आकड्याचा बिल्ला अडकवायचा. विषम आकड्याच्या उंदराला साखरेच्या पाकात कालवलेलं जंताचं औषध पाजायचं, सम आकड्याच्याला नुसता पाक. मग सोडून द्यायचा. पुन्हा सापडला की त्याच्या लेंड्या मिठाच्या पाण्यात कालवायच्या. जंतांची अंडी वर तरंगतात, ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. औषधवाल्यांची अंडी कमी व्हायला हवीत, पाकवाल्यांची तशीच राहायला हवीत. जंत उतरलेले उंदीर जास्त धडधाकट होतात का, जास्त जगतात का, हे साहेबांना पाहायचं आहे. त्यासाठी आधी दोन गटांत फरक तर पडायला हवा.

आज सम आकड्याच्या उंदरांचीही अंडी गायब. एकाचं नाही, सगळ्यांचं तेच. मागच्या महिन्यात ज्यांच्या लेंड्यांत जिकडे बघावं तिकडे अंडी होती, त्यांच्याकडे आज बोटांवर मोजण्याइतकी. मी काच पुसली, दुसऱ्यांदा मोजलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजलं. आकडा तोच.

ज्यांना औषध दिलंच नाही त्यांचे जंत गेले कुठे? जंत काही रजा टाकून गावाला जात नाहीत. कोणीतरी सम आकड्यांनाही औषध पाजतंय. आणि पाजायचं काम एकाच माणसाकडे आहे. ती माझी भाची.

गुरुवार, ५ सप्टेंबर

भाचीबद्दल लिहायलाच हवं. ताईची ही एकुलती एक. लहानपणापासून अंगाने चिमूटभर आणि एका जागी बसायची नाही, म्हणून सगळे तिला खारू म्हणतात. शिकली चांगली. आमच्याकडे जागा निघाली तेव्हा साहेबांकडे शब्द मी टाकला. तेव्हापासून ती मला कामावर सर म्हणते आणि घरी मामा. ताईला नवरा नाही. घर खारूच्या पगारावर चालतं. ऑक्टोबरअखेर तिची नोकरी कायम करायची की नाही ते साहेब ठरवणार आहेत. म्हणजे वेळ बघा कशी आहे.

आज मुद्दाम तिच्याबरोबर रानात गेलो. लक्ष ठेवायचं होतं. ती उंदीर काढते तरबेजपणे, ते मीच शिकवलं आहे. मान धरायची, वजन करायचं, तोंडाच्या कोपऱ्यातून थेंब सोडायचे. मग उंदराला दहाएक मिनिटं त्याच्याच पेटीत ठेवायचं, सावरला की जिथे सापडला तिथेच सोडायचं. उंदीर बेणी असतात. अर्धं औषध मिशांवर ओघळतं, उरलेलं पेटीत गेल्यावर थुंकतात. मी तिला पहिल्यापासून सांगून ठेवलं आहे की प्रत्येकाला जास्तीचे दोन थेंब घालत जा, सांडायचं ते सांडू दे.

काम आटोपल्यावर ती म्हणाली, "सर, या पेट्या रोज धुतल्या तर? निदान आतला कापूस तरी बदलू या."

मी तिला तिथेच खाली बसवलं आणि समजावलं. उंदीर नव्या पेटीत पाय ठेवत नाही. आधीच्या उंदराचा वास असला की त्याला भरवसा वाटतो. म्हणून पेटी धुवायची नाही, कापूस भुगा होईपर्यंत बदलायचा नाही, सकाळी रिकामी केलेली पेटी संध्याकाळी तशीच लावायची. हे माझ्या गुरुजींनी मला शिकवलं, आणि मी प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत घातलं. आज कितीतरी केंद्रांवर याच पद्धतीने काम चालतं. तिने मान डोलावली. मात्र तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. कापूस बोटाने उचकटून बघत बसली होती. ज्याच्या मनात काही नसतं तो समोरच्याच्या तोंडाकडे बघून ऐकतो.

सोमवार, ९ सप्टेंबर

औषधाची बाटली संपत आली! विषम आकड्यांच्या हिशेबाने ती महिनाभर पुरायला हवी होती. आता यात आणखी काय शोधायचं? पाणी इथेच मुरतंय.

कारणही सापडल्यासारखं वाटतं. ही उंदरांशी बोलते. आज एका सम आकड्याच्याला म्हणाली, "काय रे बाबा, तुझ्या नशिबी नुसता पाकच." मी पाठीमागे उभा होतो ते तिला माहीत नव्हतं. सात वर्षांची असताना हिने शेजाऱ्यांची खरूज झालेली मांजर आठवडाभर कपाटात लपवली होती आणि ताईचं मलम तिला चोपडलं होतं. मूळ स्वभाव जाईना. पोटात जंत घेऊन फिरणारा उंदीर हिला बघवत नसणार. हातात औषध आहे, सोबत कोणी नाही. घालत असेल दोन थेंब.

दया वाईट नाही. पण प्रयोगात दया म्हणजे खोटेपणाच. माझ्या जागी दुसरा असता तर एव्हाना साहेबांपर्यंत गेला असता. मी अजून बघतो आहे.

गुरुवार, १२ सप्टेंबर

आज खारू घरी आली होती. बायकोची आणि तिची स्वयंपाकघरात कुजबुज चालली होती. मी पाणी प्यायला आत गेलो तर दोघी गप्प. बायकोने एकदम मला विचारलं, चहा टाकू का? जी बाई मी तीनदा मागितल्याशिवाय आधण ठेवत नाही, ती आपणहून विचारते!

खारू गेल्यावर मी विचारलं, काय चाललं होतं. बायको म्हणाली, तुमच्या त्या पेट्यांचंच काहीतरी बोलत होती, तिलाच विचारा. मी म्हटलं, मी का विचारू, तिला सांगायचं असेल तर तोंड आहे तिला. त्यावर ही म्हणाली, "तोंड आहे हो, पण तुम्हाला कान आहेत का?" माझ्यापेक्षा या घरात भाचीचा पक्ष घेणारेच जास्त झालेत.

पेट्यांचं नाव पुढे करून दुसरंच काही शिजत असावं. मी निवृत्त व्हायला एक वर्ष आहे. माझी मोजणी चुकते असं साहेबांच्या मनात भरवलं तर माझी खुर्ची कोणाला मिळेल? हे लिहिताना मला बरं वाटत नाही. कडेवर खेळवलेली पोर आहे. पण डोक्यात आलेलं न लिहिणं म्हणजे स्वतःशीच लबाडी.

मंगळवार, १७ सप्टेंबर

सामान ठेवायच्या खोलीत पेट्यांना मुंग्या लागल्यात. दारापासून फळीपर्यंत रांग. खारू मला बोलवायला आली. म्हणाली, "मामा, मुंग्या या पेट्यांनाच का लागतात, बघा ना."

कामावर मामा म्हणाली, म्हणजे काहीतरी गळ्यात मारायचं होतं. मी म्हटलं, तू औषध सांडतेस म्हणून लागतात, धांदरटपणा कमी कर. ती काहीतरी बोलणार होती. मग तिने केरसुणी उचलली. मुंग्या झाडून काढल्या, पेट्या परत लावल्या.

सम आकड्यांची अंडी आजही नाहीत.

शुक्रवार, २० सप्टेंबर

चार दिवसांपासून औषधाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. रोज सकाळी विषम आकड्यांपुरतं, आणि सांडायचं धरून थोडं वर, असं औषध मीच मोजून देतो. वाटलं होतं, आता चोर सापडेल. पण तिने सगळ्यांसमोर, माझ्या डोळ्यांदेखत, विषम आकड्यांनाच औषध पाजलं, सम आकड्यांना पाकच. एक थेंब इकडचा तिकडे नाही.

तरीही सम आकड्यांचे जंत कमीच. याचा अर्थ एकच. तिच्याकडे दुसरी बाटली आहे. औषध बाजारात मिळतं, त्यात काय अवघड?

बायकोला हे सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता हसायला लागली. म्हणाली, पगार आईच्या औषधाला पुरत नाही आणि ती उंदरांना विकत आणून पाजेल होय? मी म्हटलं, संशयाला पगार विचारायचा नसतो. पण खरं सांगायचं तर तिच्या हसण्याने मी थोडा खचलो.

मंगळवार, २४ सप्टेंबर

रंगेहाथ पकडली.

आज नेहमीपेक्षा लवकर पोहोचलो. मागच्या नळावर पाण्याचा आवाज. जाऊन बघतो तर खारू बाह्या वर करून पेट्या धूत बसली आहे. साबण लावून, घासणीने. सहासात पेट्या धुऊन उन्हात पालथ्या घातलेल्या, शेजारी जुना कापूस पिशवीत भरलेला. मला बघून दचकली.

मी ओरडलो, हे खरं आहे. आजवर कामावर आवाज चढवला नव्हता. विचारलं, कोणाला विचारून? ती म्हणाली, विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटला असतात. मी म्हटलं, नाही म्हटलं असतं ते माहीत होतं, तरी केलंस? त्यावर तिने शांतपणे सांगितलं की तिला फक्त एवढ्या पेट्या आठवडाभर धुऊन बघायच्या आहेत, त्यात सापडणाऱ्या उंदरांचं काय होतं ते वेगळं मोजायचं आहे.

वेगळं मोजायचं! म्हणजे आता मोजणीही तीच करणार. आणि पेटीत दुसऱ्या कसल्या औषधाचा माग राहिला असेल तर तो साबणाने गेला. पिशवीतला कापूस मी जप्त केला आणि परत त्याच पेट्यांत भरायला लावला. ती मान खाली घालून भरत होती. मला क्षणभर वाईट वाटलं. मग वाटलं, निर्दोष माणूस मान कशाला खाली घालेल?

बुधवार, २५ सप्टेंबर

धुतलेल्या पेट्यांत एकही उंदीर नाही. बाकीच्या भरलेल्या. जुना कापूस परत घालूनही पत्र्याला साबणाचा वास लागला तो लागलाच. मी म्हणत होतो तेच झालं. मी त्या पेट्या तिच्या टेबलावर ओळीने मांडून ठेवल्या.  हाताच्या कांकणाला आरसा कशाला?

शुक्रवार, २७ सप्टेंबर

साहेबांना सांगितलं.

रात्रभर विचार करून गेलो होतो. भाचीला नोकरी मी लावली. उद्या हे बाहेर फुटलं तर लोक म्हणतील, मामाने झाकलं. आपलाच तो बाब्या, असं माझ्याबद्दल कोणी म्हणू नये एवढीच माझी इच्छा. साहेबांना मी तसंच म्हणालो, की नातं घरी ठेवून आलो आहे.

वाटलं होतं, पुरावा मागतील, उलट तपासणी करतील. काही नाही. दोन प्रश्न विचारले, म्हणाले, "तुम्ही सख्खे मामा असून सांगताय, म्हणजे खरंच असणार." पाच मिनिटांत मी बाहेर. पायऱ्या उतरताना हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

मंगळवार, १ ऑक्टोबर

साहेबांनी खारूला बोलावलं. मला शेजारी बसवलं होतं, ते नको होतं.

साहेबांनी विचारलं, सम आकड्यांना औषध दिलंस का? ती म्हणाली, नाही. दुसरी बाटली होती का? नाही. परवानगी न घेता पेट्या धुतल्यास का? हो. मग साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तू दिलं नाहीस, तर त्यांचे जंत कसे गेले?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. परीक्षेत शेजारच्याचं चुकीचं उत्तर दिसत असतं आणि सांगायची सोय नसते, तशी. मग म्हणाली, "मला वाटतं ते मी सिद्ध करू शकत नाही. आणि सिद्ध केल्याशिवाय बोलून कोणाचं तरी उगाच नाव जाईल."

साहेबांनी माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. मलाही तोच अर्थ लागला. म्हणजे तिच्याबरोबर आणखी कोणीतरी सामील होतं, आणि ती त्याला वाचवते आहे. कोण असेल? औषध पुरवणाऱ्या दुकानाचा पोऱ्या दोनदा तिच्याशी हसून बोलताना मी पाहिला आहे.

तिची नोकरी पुढे चालू ठेवणार नाहीत. मुदतीपर्यंतही नको, उद्यापासूनच येऊ नकोस म्हणाले.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

सकाळी ताई आली होती. आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं, त्यामुळे दार उघडताना माझी मान खालीच होती. बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "पोर चोर आहे असं तुला वाटलं, तर आधी मला येऊन सांगायचं होतंस, बाळ्या. मी तिच्या दोन कानफटात दिल्या असत्या आणि खरं काय ते काढलं असतं. तू परक्याला जाऊन सांगितलंस."

मी प्रयोग, नियम, जबाबदारी असं काय काय बोललो. ती ऐकून घेऊन गेली. बायकोने दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं आहे. कार्यालयात गेल्यावर मी साहेबांना सांगितलं की सख्ख्या बहिणीने पाठ फिरवली तरी मी डगमगलो नाही. ते म्हणाले, कठीण असतं, मला कल्पना आहे.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

साहेबांनी प्रयोग नव्याने सुरू करायला सांगितला. सगळ्या पेट्या नव्या कोऱ्या आल्यात. वरून हुकूम आहे की डाग नको, रोज धुवायच्या, कापूस रोज नवा. गुरुजी असते तर कपाळावर हात मारून घेतला असता. पण नोकरी म्हटली की हुकूम. औषधही आता मीच पाजतो.

पेट्यांना वास नाही, म्हणून उंदीर फार कमी सापडतात. मी म्हटलंच होतं. नऊ पेट्या मी माझ्या पद्धतीने बाजूला काढल्या आहेत. जुन्या पेट्यांतला कापूस त्यांत भरला, त्या धुवायच्या नाहीत. साहेबांना सांगायची गरज नाही, चार उंदीर जास्त मिळाले तर कोणाचं काय जातं?

मंगळवार, २९ ऑक्टोबर

जंत परत आले!

सम आकड्यांच्या लेंड्यांत अंडीच अंडी. लिंबाच्या बियांसारखी लांबट, कवचवाली, एकाशेजारी एक. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. ती गेली आणि जंत परत आले. यापेक्षा आणखी कोणता पुरावा हवा? साहेबांनी माझी पाठ थोपटली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आणि पेट्या?" मी म्हटलं, पेट्यांचं काय? नव्या आहेत. ती म्हणाली, तुमच्याशी बोलून उपयोग नाही. आनंदाची बातमी या घरात अशी घेतात.

सोमवार, ११ नोव्हेंबर

काहीतरी बिनसलं आहे. काही सम आकड्याच्या उंदरांची अंडी पुन्हा उतरलीत. सगळ्यांची नाहीत, काहींचीच. खारू इथे नाही. किल्ली माझ्या खिशात असते. पाजतो मी, मोजतो मी. मी स्वतःवर संशय घेऊन बघितला. बिल्ला वाचताना सम-विषम चुकलं का? नाही. मग नवा शिपाई? तो उंदीर बघितला की खुर्चीवर चढतो.

हे काहीच उंदीर का, हे सकाळी बघायचं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

अंडी उतरलेले उंदीर कोणकोणत्या पेट्यांत सापडत होते ते काढून बघितलं. त्या नऊ पेट्यांत. दुसरीकडे एकही नाही.

सामानाच्या खोलीत गेलो. स्वच्छ पेट्यांच्या रांगा आहेत, त्यांच्याकडे एक मुंगी फिरकत नाही. माझ्या नऊ पेट्या वेगळ्या ठेवल्या आहेत, त्यांत मुंग्यांची रीघ. एक पेटी उचलली, कापूस ओढला. तो तळाला चिकटला होता, निघेना. हाताला पाक लागला. त्या औषधाचा एक उग्र गोडसर वास असतो, तो इतका होता की नाक जवळ न्यायची गरज पडली नाही.

मी तिथे खाली बसलो. विषम आकड्याचा उंदीर रोज या कापसावर औषध सांडतो, थुंकतो. संध्याकाळी तीच पेटी, तोच कापूस, तेच दाणे. पुढचा उंदीर, मग तो कोणत्याही आकड्याचा असो, रात्रभर तेच चघळत बसतो. जास्तीचे दोन थेंब घाल, हे मीच सांगितलं होतं, बाटलीही त्यातच लवकर संपली. सम आकड्यांना औषध रोज पाजलं जात होतं. ते मी पाजत होतो.

तिने पेट्या धुवायला घेतल्या होत्या. तिला कळलं होतं. तिने मला सांगायचं काय बाकी ठेवलं होतं? लाज म्हणजे काय ते मला आज कळलं. दुपारचा डबा उघडला नाही. घरी बायकोने विचारलं, बरं नाही का, आणि मी तिला सगळं सांगितलं. ती "मी म्हटलं नव्हतं का" असं म्हणाली नाही. पदराने स्वतःचे डोळे पुसले आणि म्हणाली, आधी साहेबांकडे जा, नुसतं रडत बसू नका.

बुधवार, १३ नोव्हेंबर

साहेबांकडे गेलो. हातात एक पेटी घेऊन. सगळं सांगितलं, काही मागे ठेवलं नाही. पद्धत माझी, पुस्तिका माझी, चूक माझी, पोर निर्दोष आहे, तिला परत घ्या.

त्यांनी मला चहा मागवला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. त्यांनी चहा संपू दिला. मग अगदी मायेने म्हणाले, "घरच्यांचा त्रास होतोय का फार?"

मी म्हटलं, घरच्यांचा प्रश्न नाही, पेटीचा आहे. ते म्हणाले, बहीण बोलत नाही हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. मी पेटी पुढे सरकवली. त्यांनी ती उघडली नाही. रोज धुवायचा हुकूम असताना या नऊ पेट्या कोणी वेगळ्या ठेवल्या, त्यांत जुना कापूस कोणाच्या परवानगीने भरला, असं विचारलं. मी म्हटलं, मीच. मग म्हणाले, "औषध तुम्हीच पाजता, मोजणीही तुमचीच, आणि पेट्याही तुमच्याच. मग असा निकाल यायला कितीसा वेळ लागतो? सख्खे मामा आहात. मी समजू शकतो. पण उंदराला मांजर साक्ष म्हणतात, ते असं."

ज्या माणसाने माझा संशय पाच मिनिटांत खरा मानला, त्याला मी पुरावा घेऊन सत्य सांगत होतो आणि तो माझ्याकडे कीव करून बघत होता. मला राग आला नाही, कारण त्यांचा एकही प्रश्न नवा नव्हता. सगळे मीच विचारून झाले होते, दुसऱ्या माणसाबद्दल.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

खारू बाजारातल्या एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते. बायकोने पत्ता दिला. दुकानात गर्दी होती. मी गिऱ्हाइकांमागे उभा राहिलो. तिने मला पाहिलं आणि हातातलं काम पूर्ण केलं.

माझा नंबर आल्यावर मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, मामा, हळू बोला, मालक आहेत. मी हळू आवाजात सगळं सांगितलं, नऊ पेट्या, मुंग्या, साहेब.  मी विचारलं, त्या दिवशी साहेबांसमोर का बोलली नाहीस? ती म्हणाली, "धुतलेल्या पेट्या रिकाम्या आल्या होत्या. माझ्या हातात काहीच नव्हतं. आणि ती पद्धत तुमच्या नावाने सगळीकडे चालते, मामा. पुराव्याशिवाय कसं बोलणार?"

पुरावा नाही म्हणून ती बोलली नव्हती. माझ्याकडेही नव्हता, आणि मी बोललो होतो. मला तिच्याकडे बघवेना. मी म्हटलं, आता काय करू ते सांग. नोकरी परत मिळेल न मिळेल, पण तुझ्यावरचा डाग मला पुसायचा आहे.

मागचं गिऱ्हाईक खोकलं. तिने माझ्यासमोर एक मलमाची डबी ठेवली, म्हणजे मी काहीतरी घेतोय असं दिसावं, आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, "अर्ध्या पेट्या रोज नुसत्या पाण्याने धुवा, कापूस बदला, अर्ध्या तशाच ठेवा. नव्या पेट्या आधी आठवडाभर रानात नुसत्या पडू द्या, म्हणजे साबणाचा वास जाईल. आणि कोणत्या धुतलेल्या, कोणत्या न धुतलेल्या, ते मोजणाऱ्याला अजिबात कळू द्यायचं नाही."

मी म्हटलं, एवढंच ना, मी मोजतो की.

"तुम्ही मोजू नका, मामा," ती म्हणाली. "तुम्ही मोजलेलं आता कोणी खरं धरणार नाही. बाहेरचा माणूस बसवा."

तिने ते रागाने म्हटलं नाही. गोळी जेवणानंतर घ्या, असं सांगावं तसं म्हटलं. मी बरं म्हणालो, डबीचे पैसे दिले आणि मागच्या माणसाला पुढे जायला जागा करून दिली.